'अनलिमिटेड' मेलचं कपाट भरलं, आता काय पुसू?

प्रिय ताई,

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात मी अकरा वर्षं काम करते. खरेदी, डिस्पॅच, ग्राहकांचा पत्रव्यवहार, सगळं माझ्या टेबलावरून जातं. २०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या जुन्या ऑफिसात पाणी शिरलं आणि वीस वर्षांच्या फायलींचा लगदा झाला. त्यानंतर मीच मालकांच्या मागे लागून मेल क्लाउडवर न्यायला लावला. एजंट म्हणाला, "आर्काइव्ह, म्हणजे जुना मेल साठवायची जागा, अनलिमिटेड आहे मॅडम, आयुष्यात काही डिलीट करायला नको." कोटेशनवरही तसंच छापलं होतं. पैसे वाचावेत म्हणून त्यानं एकच मोठं खातं घ्यायला लावलं आणि एक रूल टाकून आमच्या सतरा जणांच्या प्रत्येक मेलची कॉपी त्या खात्यात वळवली. ऑर्डरही त्याच खात्यावर येतात.

गेल्या महिन्यात पुण्याच्या ग्राहकाचा फोन आला, तुम्हाला पाठवलेला मेल परत येतोय. बघितलं तर आर्काइव्ह भरलेलं. जुना मेल तिकडे सरकायचा थांबला आणि इकडे मुख्य मेलबॉक्स तुंबला. एजंट आता म्हणतो, "अनलिमिटेड म्हणजे फेअर यूसेजपर्यंत. दुप्पट रकमेचा प्लॅन घ्या, नाहीतर महिन्याभरात जुनं पुसून जागा करा." मालक म्हणतात, तूच आणलंस हे, तूच निस्तर. ताई, आम्ही फसलो का? काय पुसू, काय ठेवू? आणि आणखी एक. पॅटर्न शॉपचे, म्हणजे साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या विभागाचे, आमचे काका २०२१ मध्ये करोनात गेले. एजंट म्हणतो, पहिलं त्यांचं खातं उडवा. माझा हात धजत नाही.

– स., शिरोली

प्रिय स.,

आधी तातडीचं सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा.

तो कॉपी वळवणारा रूल आजच बंद करा. मग मुख्य मेलबॉक्समधले मेल आकारानं लावा, सगळ्यात मोठे वर. पहिल्या दोन-तीनशे मेलमधली जोडपत्रं हार्ड डिस्कवर उतरवा, त्यातली दहा-बारा उघडून बघा आणि मगच ते मेल पुसा. पुसलेला मेल कचरापेटीत असेपर्यंत बहुतेक सेवांत जागा अडवतोच, म्हणून पेटीही रिकामी करा. एवढ्यानं काही जीबी मोकळे होतील आणि नवा मेल यायला लागेल. पण जो मेल परत गेला, तो आपोआप पुन्हा येणार नाही. गेल्या महिन्या-दीड महिन्यात ज्यांच्याशी व्यवहार होता त्या प्रत्येक ग्राहकाला फोन करा आणि विचारा, "तुमच्याकडून काही परत आलं का? ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली होती का?" मला सगळ्यात मोठी धास्ती हीच वाटते. एखादी ऑर्डर चुकली तर ग्राहक पुन्हा विचारतो. रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगमधला बदल, चुकली तर जुन्या मापाचं कास्टिंग (ओतीव भाग) ओतलं जातं, मशीन शॉपला जातं, आणि तिथून नाकारलं गेल्यावरच कळतं. मालकांशी बोलण्याआधी हे फोन करा.

बाकीच्या सोळा जणांनाही आजच सांगा, की आपापल्या खात्यातलं काहीही कुणी पुसायचं नाही. गेली काही वर्षं 'मोठ्या खात्यात कॉपी आहेच की' या भरवशावर कोण काय पुसत आलंय, ते कुणालाच माहीत नसतं. आणि रागाच्या भरात बिल थांबवू नका. तुमचा सगळा माल अजून त्यांच्या गोदामात आहे. तो बाहेर येऊन, मोजून, दुसरीकडे लागेपर्यंत भाडं भरत राहायचं.

आता तुमचा पहिला प्रश्न. फसलो का?

शब्दानं फसलात, हो. मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. जो माणूस 'अनलिमिटेड' असं कोटेशनवर छापतो आणि अडचण आली की 'फेअर यूसेज', म्हणजे वाजवी वापराची अट, काढतो, त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली होती. पण या शब्दाच्या मागचा व्यवहार समजून घेतलात तर मालकांना नीट सांगता येईल आणि पुढचा करार करताना उपयोग होईल.

आपल्याकडं मटणाची थाळी घेतली की तांबडा-पांढरा रस्सा पाहिजे तेवढा मिळतो. मटणाची वाटी मात्र मोजून. मालकाला माहीत असतं की माणूस किती वाट्या रस्सा पिणार, फार तर चार, फार तर पाच. शंभर गिऱ्हाइकांचा मिळून अंदाज असतो आणि तो चुकत नाही. आता समजा एक गिऱ्हाईक एका थाळीचे पैसे देऊन दारात सतरा जणांचे डबे घेऊन उभं राहिलं. रस्सा 'पाहिजे तेवढा' हे खरं, पण ते वाक्य एका माणसाच्या पोटाला धरून होतं. क्लाउडवरची 'अनलिमिटेड' जागाही अशीच असते. डिस्कला पैसे पडतात, एकाच मेलच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात, वीज आणि थंडावा लागतो. शंभरातली नव्वद माणसं थोडीच जागा वापरतात, त्यांच्या जिवावर दहा जणांचं खपून जातं. हिशेब बिघडला की शब्द मागे घेतला जातो.

आणि तो मागे घेतला गेल्याचा इतिहास उघड आहे. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा १ जीबी जागा लोकांना थट्टा वाटली होती. त्या चढाओढीत २००७ मध्ये याहूनं मेलची जागा अमर्याद केल्याचं जाहीर केलं, आणि २०१३ मध्ये त्याच सेवेवर १ टीबी (सुमारे हजार जीबी) असा आकडा आला. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०१४ मध्ये वनड्राइव्हवर अमर्याद जागा देऊ केली आणि वर्षभरात, नोव्हेंबर २०१५ मध्ये मागे घेतली. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: काही ग्राहकांनी घरातल्या साऱ्या संगणकांचे बॅकअप आणि सिनेमांचे साठे चढवून ७५ टीबीच्या वर मजल मारली होती, म्हणजे सरासरीच्या १४,००० पट. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला संपली. ड्रॉपबॉक्सनं धंद्यांसाठीचा 'लागेल तेवढी जागा' हा प्लॅन ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केला. तेव्हा तुम्ही एकट्या भोळ्या नाही आहात, स. ज्यांच्याकडं वकिलांची फौज आहे अशा संस्थांनीही हाच शब्द वाचून डेटा नेला होता.

तुमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचं उदाहरण मेलच्या आर्काइव्हचंच आहे. तुमची सेवा कुणाची ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही. पण अटी कशा लिहिलेल्या असतात हे दाखवायला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन या मेल सेवेचे जाहीर नियम बघा. तिथं मोठ्या प्लॅनमधलं आर्काइव्ह भरत आलं की आपोआप वाढतं, आणि आधी त्याचं वर्णन अमर्याद असंच व्हायचं. १ नोव्हेंबर २०२१ पासून त्याला १.५ टीबीची कमाल मर्यादा लागू झाली. बारकाईनं वाचलं तर आणखी तीन गोष्टी सापडतात. हे आपोआप वाढणं आधी चालू करावं लागतं, नाहीतर आर्काइव्ह १०० जीबीलाच अडतं. वाढीव जागा लगेच मिळत नाही, ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. आणि दिवसाला १ जीबीपेक्षा जास्त वेगानं वाढणाऱ्या मेलबॉक्ससाठी ही सोय नाहीच. याशिवाय एक स्पष्ट मनाई आहे: एका माणसाचं आर्काइव्ह त्याच माणसाच्या मेलसाठी, रूल लावून किंवा फॉरवर्ड करून इतरांचे मेल त्यात साठवायला ते वापरायचं नाही.

ही शेवटची अट वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. एजंटानं तुमच्याकडं जे बसवून दिलं ते नेमकं हेच. तुमच्या सेवेच्या अटींत असं कलम आहे का ते बघा, बहुधा असेल. असलं तर वादात ते तुमच्या विरोधात काढलं जाईल. पण रूल तुम्ही टाकलेला नाही, विकणाऱ्यानं टाकलाय, आणि 'पैसे वाचतील' असं सांगून टाकलाय. त्याचा तो सल्ला व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर सापडला तर तो तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद. आज रात्रीच शोधा. जुनं कोटेशन, ब्रोशर, त्यांच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पहिलं बिल, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा.

भरलं कसं, याचं गणित मी मांडते, कारण मालक पहिला प्रश्न हाच विचारतील: "मेलच तर आहेत, एवढे कुठनं झाले?" फाउंड्रीत मेलवर शब्द कमी आणि फोटो जास्त जातात. ब्लो होलचा (ओतीव भागात राहिलेल्या हवेच्या पोकळीचा) फोटो, कोअर (पोकळी राखणारा आतला साचा) सरकल्याचा फोटो, गेजवर बसवलेल्या कास्टिंगचा फोटो. मोबाइलचे पाच फोटो, प्रत्येकी ३ एमबी, झाले १५ एमबी. मेलमधून जाताना जोडपत्राचं रूपांतर अक्षरांत होतं आणि ते साधारण एक तृतीयांशानं फुगतं, म्हणजे २० एमबी. आता तो मेल क्वालिटीच्या माणसानं पाठवला आणि मेल्टिंग, फेटलिंग (ओतीव भागांची साफसफाई), डिस्पॅच, मालक असे चौघे सीसीत ठेवले. रूल प्रत्येकाच्या खात्यातली कॉपी उचलत असेल, तर त्याच पाच फोटोंच्या पाच प्रती मोठ्या खात्यात जमल्या. १०० एमबी. असे दिवसाला दहा मेल झाले की १ जीबी, आणि वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर ३०० जीबी. त्यात 'रिप्लाय ऑल' करताना तेच फोटो पुन्हा जोडणारे असतील तर विचारायलाच नको. हा कागद आपल्याच आकड्यांनी भरा. एका दिवसाचा मेल मोजायला अर्धा तास पुरेल, आणि तो अर्धा तास तुमची बाजू जितकी मांडेल तितकं दुसरं काही मांडणार नाही.

एजंटाला फोन करू नका, लिहा. सरळ, राग न दाखवता. एका मेलबॉक्सला कमाल जागा किती, जीबीत सांगा. रोजच्या वाढीवर मर्यादा आहे का, असली तर किती. मर्यादा गाठली की काय होतं: नवं घेणं थांबतं, मेल परत जातो, की जुनं आपोआप पुसलं जातं? या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमचा सगळा मेल बाहेर काढायचा तर कोणत्या स्वरूपात मिळेल, किती दिवसांत, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? सेवा बंद केल्यावर डेटा किती दिवस ठेवता? याची उत्तरं 'अनलिमिटेड', 'नो प्रॉब्लेम', 'काळजी करू नका' अशी आली तर पुन्हा तेच पत्र पाठवा आणि आकडा मागा. आकडा लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून वरचा प्लॅनही घ्यायचा नाही. दुप्पट पैसे भरून तुम्ही पुन्हा एक शब्दच विकत घ्याल.

आणखी एक बघा, आणि हे फार जणांकडून राहून जातं. तुमच्या डोमेनचं, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं, नाव कुणाच्या नावावर नोंदलंय? मेल सेवेच्या अॅडमिन खात्याचा पासवर्ड कुणाकडं आहे? कितीतरी कारखान्यांत दोन्ही एजंटाकडं असतात, कारण सुरुवातीला त्यानंच सगळं बसवून दिलेलं असतं. भांडण पेटायच्या आधी दोन्ही कंपनीच्या नावावर करून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात हा दोष आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाली बारीक अक्षरात दिलेली सूचना वरच्या मुख्य दाव्याला खोटं पाडणारी असू नये. मोठ्या अक्षरात 'अनलिमिटेड' आणि कोपऱ्यात मर्यादा, ही त्यातली चूक. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तुम्ही विचारू शकता. पण एक अडसर आहे. व्यापारी कामासाठी घेतलेल्या सेवेचा ग्राहक या कायद्यात बसत नाही, स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याचा अपवाद सोडला तर. सतरा माणसांच्या मेलची सेवा घेणाऱ्या फाउंड्रीला तो अपवाद मिळणं अवघड. तेव्हा ग्राहक आयोगाची पायरी गाठण्यापेक्षा करार कायद्याचा आधार धरा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात चुकीचं सांगून घेतलेली संमती हा मुद्दा आहे, आणि तुमच्या वकिलाची एक नोटीस त्यावर उभी राहू शकते. माझं स्वतःचं मत विचाराल तर नोटिशीआधी एक व्यवहारी मागणी करून बघा: महिन्याऐवजी चार महिन्यांची मुदत, तेवढ्या काळात काहीही पुसायचं नाही, डेटा काढून देण्याचे पैसे नाहीत, आणि यंदाच्या बिलात सूट. बरेच एजंट एवढ्यावर येतात, कारण त्यांनाही शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात पुढची गिऱ्हाइकं करायची असतात.

आता तुमचा खरा प्रश्न. काय पुसायचं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सतत आठवत राहिलं, फायलींचा लगदा झाला ते. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची रेघ ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली होती. व्हीनस कॉर्नरपासून शाहूपुरीपर्यंत पाणी ओसरल्यावर लोक दोऱ्या बांधून वह्या वाळत घालत होते, ते मीही बघितलंय. एकदा ते भोगलेल्या माणसाला 'पुसा' हा शब्द नकोच वाटतो. म्हणून तुम्ही सगळं साठवत गेलात. यात तुमची चूक नाही. पण मेलबॉक्सला दप्तर समजलं गेलं, तिथं गडबड झाली. मेलबॉक्स ही पत्रं येण्या-जाण्याची जागा. दप्तर वेगळं लावावं लागतं.

पुसणं वर्षाप्रमाणे करू नका. 'पाच वर्षांपूर्वीचं सगळं' असं म्हटलं की सोपं वाटतं, पण फाउंड्रीत २०२० मधल्या एका मेलवर आजचं उत्पादन चालू असतं. कागदाच्या प्रकारानं करा. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. म्हणजे २०२३-२४ च्या वर्षाचं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत, तर त्याचे कागद डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष, दोन्हींत जे नंतर येईल ते. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर आठ आर्थिक वर्षं. हे तुमच्या सीएंना ठाऊक असतंच, त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या.

पण तुमच्या धंद्यात याहून लांबचा हिशेब ग्राहकाचा असतो. वाहन कंपन्यांना कास्टिंग देत असाल आणि आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) लागू असेल, तर पार्ट मंजुरीचे कागद, टूलिंगच्या नोंदी, खरेदी ऑर्डर आणि त्यांच्या दुरुस्त्या, हे सगळं तो पार्ट उत्पादनात आणि सुट्या भागांसाठी चालू असेपर्यंत, अधिक एक कॅलेंडर वर्ष ठेवायचं असतं. एखादा ब्रॅकेट पंधरा वर्षंही चालतो. म्हणून ड्रॉइंगची रिव्हिजन, पीपीएपीची, म्हणजे उत्पादनाआधी ग्राहकानं द्यायची, पार्टची मंजुरी, 'या विचलनासह माल स्वीकारतो' असं ग्राहकानं लिहिलेला मेल, पॅटर्न कुणाच्या मालकीचा याचं पत्र, हीट नंबरासकट (वितळलेल्या धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक) मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, यांना हात लावायचा नाही. पार्ट नंबरप्रमाणे फोल्डर करा आणि मूळ मेल त्यात जसाच्या तसा, ईएमएल फाइल म्हणून उतरवा. प्रिंट काढलेली पीडीएफ पुरेशी नाही. मेल कुठून कसा आला याच्या ओळी मूळ फाइलमध्ये असतात, पीडीएफमध्ये बहुधा जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचा हॅशही (तिच्या मजकुरातून निघणारा ओळखीचा आकडा) नोंदवायचा असतो. ज्या ग्राहकाशी पैशांचा वाद चालू आहे किंवा होईल असं वाटतं, त्याचा एकही मेल वकिलांना विचारल्याशिवाय मूळ जागेवरून पुसू नका.

मग पुसायला उरतं काय? भरपूर. एकाच मेलच्या पाच प्रती. वाहतूकदाराचं रोजचं 'गाडी निघाली'. दिवाळीची शुभेच्छापत्रं. पुरवठादारांचे कॅटलॉग. नाकारलेल्या मालाचे फोटो, ज्यांचा वाद मिटून क्रेडिट नोट निघालीय आणि वरची मुदतही संपलीय. हे एवढं काढलंत तरी निम्म्याहून जास्त जागा मोकळी होईल असा माझा अंदाज आहे, कारण जागा खाल्लीय ती फोटोंनी आणि प्रतींनी. पण आर्काइव्हमधलं पुसायचं ते पूर्ण प्रत बाहेर आल्यावरच.

प्रत काढताना एक खबरदारी. आउटलुकमधून पीएसटी फाइल (साऱ्या मेलचा एकत्र गठ्ठा) काढत असाल तर ती नेहमीच्या मांडणीत ५० जीबीला अडते. ऑफिसात एखादा फार जुना संगणक असेल आणि त्यावर जुन्या पद्धतीची पीएसटी असेल तर ती २ जीबीलाच, आणि त्या मर्यादेजवळ जाऊन बिघडलेल्या फायली दुरुस्त करताना माणूस रडकुंडीला येतो. म्हणून वर्षावार, गरज पडली तर तिमाहीवार फाइल करा. प्रत्येक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून त्यातले पाच मेल वाचून बघा आणि मेलची संख्या मूळ संख्येशी ताडून बघा. दोन हार्ड डिस्क घ्या. एक फाउंड्रीत, पण कपोला भट्टी आणि वाळूच्या धुळीपासून लांब. दुसरी नदीच्या पाण्यापासून लांब, मालकांचं घर उंचावर असेल तर तिथं वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, फाउंड्रीपर्यंत पोचताच येत नव्हतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तिसरी प्रत क्लाउडवर राहू दे. क्लाउड सोडा असं मी म्हणत नाहीये. पुरातून वाचायला तुम्ही जे केलं ते बरोबरच होतं.

फोटोंसाठी पुढं वेगळी सोय करा. सामायिक ड्राइव्हवर पार्ट नंबर आणि तारखेचं फोल्डर, फोटो तिथं, आणि मेलमध्ये फक्त दुवा. फेटलिंगच्या पोरांना हे शिकवायला आठवडा लागेल, कुरकुर होईल, होऊ दे. सतरा जणांना आपापलं छोटं आर्काइव्ह घेणं त्या एका मोठ्या खात्यापेक्षा कदाचित थोडं महाग पडेल, पण ते अटींत बसेल आणि एकाचं भरलं म्हणून साऱ्या कारखान्याचा मेल बंद पडणार नाही. सगळ्यांच्या मेलची एकत्र प्रत हवीच असेल तर त्यासाठी वेगळ्या आर्काइव्ह सेवा मिळतात, त्या तशा सांगून आणि मोजून विकल्या जातात.

मालकांकडं जाताना माफी मागत जाऊ नका, स. एक पान घेऊन जा: एका दिवसाचा मोजलेला मेल, वर्षाची वाढ, एजंटाला लिहिलेलं पत्र, दोन हार्ड डिस्कची किंमत, आणि ज्या ग्राहकांना फोन केले त्यांची यादी. 'तूच आणलंस' म्हणाले तर म्हणा, हो, मी आणलं, आणि २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आपला एकही कागद भिजला नाही. अकरा वर्षं ज्यांच्या टेबलावरून सगळं जातं त्या बाईनं एवढं म्हणायला हरकत नाही. मात्र पुढच्या करारावर त्यांची सही आणि वाचन दोन्ही असू द्या. छापलेल्या अटी कुणीतरी एकानं बसून पूर्ण वाचायला हव्यात, आणि ते कायम तुमच्याच वाट्याला यावं असं नाही.

राहिलं काकांचं खातं.

उडवायच्या आधी ते मोजा. पॅटर्न शॉपमधला जुना माणूस, त्याचे मेल म्हणजे चार ओळी आणि क्वचित एखादं स्कॅन केलेलं रेखाटन. दोन-तीन जीबीच्या वर ते जाईल असं मला वाटत नाही. शेकडो जीबी अडलेल्या ठिकाणी त्यानं काय फरक पडणार? गेलेल्या माणसाचं खातं उडवायला सोपं, कुणी तक्रार करत नाही, म्हणून ते आधी सुचवलं जातं. कदाचित त्या खात्याचं वेगळं भाडंही जात असेल. तसं असेल तर ते वाचवायला खातं पुसावं लागत नाही. बऱ्याच सेवांत ते सामायिक मेलबॉक्स, म्हणजे अनेकांना उघडता येणारं खातं, करता येतं. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत, उदाहरणार्थ, आर्काइव्ह नसलेल्या सामायिक मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही. लायसन्स नुसतं काढून टाकलं तर मात्र तिथं साधारण ३० दिवसांनी मेलबॉक्स कायमचा जातो, तेव्हा आधी रूपांतर, मग लायसन्स काढणं, हा क्रम चुकवू नका.

आणि त्या खात्यात शिरून एकदा 'कोअर', 'ड्राफ्ट' (पॅटर्नच्या बाजूंचा उतार) आणि 'आकुंचन' (थंड होताना धातूचं आखडणं) हे शब्द शोधा. कोणत्या पॅटर्नला आकुंचनाची किती सूट धरायची, कुठल्या कोअर बॉक्सचा कुठला कोपरा घासलाय, हे ज्या माणसाच्या हातात होतं त्यानं ते कुणाला तरी कधीतरी लिहिलेलं असणार. सापडेल ते छापून पॅटर्न शॉपच्या सध्याच्या माणसाला द्या. त्यांच्या घरच्यांनाही विचारा, काही घरगुती पत्रं-फोटो त्यात असतील तर त्यांना हवेत का. मग ते खातं वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून त्यावर काकांचं नाव लिहून ठेवा.